छापून येईपर्यंत थांबू नकोस

शोधनिबंध छापून आला की मग लोकांशी बोलू, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. आत्ताच सुरुवात कर.

आधी डेटा. तीन वर्षांपूर्वीची माझीच फाईल उघडली, तर एका रकान्याचं नाव नुसतं 'टी२'. तापमान की वेळ, काही केल्या आठवेना. अख्खा आठवडा त्यात गेला. परक्या माणसाला कळेल अशी ती ठेवली असती, तर मलाही कळली असती. म्हणून प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक लिहून ठेव आणि डेटा झेनोडो या संशोधनाचा डेटा ठेवायच्या संकेतस्थळावर टाक. मोफत आहे, शिवाय डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, म्हणजे डेटाचाही संदर्भ देता येतो. (रुग्णांची माहिती असेल तर आधी नैतिकता समितीला विचार.)

कल्पना कुणी चोरेल ही भीती मलाही होती. पण अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर १९९१ पासून लोक प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापून येण्याआधीचे निबंध, टाकताहेत. तिथली तारीख हाच तुझा पुरावा. तुझ्या जर्नलला प्रीप्रिंट चालतो का, तेवढं बघून घे. आणि खुलं करण्याचा फायदा बघ: जानेवारी २०२० मध्ये करोना विषाणूचा जनुकक्रम खुला झाला, म्हणून लशींचं काम काही दिवसांतच सुरू होऊ शकलं.

आणि बोलायचं कसं? तुझ्या विषयाबाहेरच्या कुणालातरी एकच आलेख समजावून सांग. ते जिथे अडतील, तिथे बरेचदा आपलंच आकलन कच्चं असतं. तो परिच्छेद पुन्हा लिही.