शिरोलीच्या कारखान्यात उबंटू सर्व्हर बसवलाय, घरून लॉगिन करायचंय; आधी काय करू?

भावा, राउटरवर पोर्ट २२ (एसएसएचचं, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायच्या सोयीचं दार) उघडून मोकळा होऊ नकोस. पोर्ट उघडला की पासवर्ड चाचपणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) लगेच दार ठोठावायला लागतात.

आधी वेगळा युजर काढ, त्याला सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) दे, आपल्या लॅपटॉपवरची एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) त्यावर चढव आणि दुसऱ्या टर्मिनल खिडकीतून लॉगिन होतंय का बघ. पहिली खिडकी तोवर बंद करायची नाही! मग रूट (सगळे अधिकार असलेला युजर) लॉगिन आणि पासवर्ड लॉगिन दोन्ही बंद. इथं एक गोम आहे. एसएसएचच्या मुख्य सेटिंग फाइलीत पासवर्डला 'नो' लिहूनही तो चालूच राहू शकतो, कारण क्लाउड-इनिटची (सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग लावणाऱ्या प्रोग्रामची) छोटी फाइल आधी वाचली जाते आणि एसएसएचमध्ये पहिली सापडलेली किंमतच धरतात. म्हणून 'एसएसएचडी -टी' (टी कॅपिटल) चालवून खरं काय लागू आहे ते बघ.

सर्व्हरला स्थिर आयपी (न बदलणारा नेटवर्क पत्ता) नेटप्लॅनमध्ये, म्हणजे उबंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये दे, पण 'अप्लाय'ऐवजी 'ट्राय' वापर. १२० सेकंदांत एंटर दाबलं नाहीस तर जुनी सेटिंग आपोआप परत येते. थेट 'अप्लाय' करून चुकलास तर रात्री कोल्हापुरातून शिरोलीला गाडी काढावी लागेल.

यूएफडब्ल्यूमध्ये (उबंटूच्या फायरवॉलमध्ये) आधी एसएसएचला परवानगी, मगच 'इनेबल'. डॉकर (अ‍ॅप वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर त्याचे उघडे पोर्ट यूएफडब्ल्यूला जुमानत नाहीत.

घरून यायला वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे घर ते कारखाना खासगी बोगदा) बरा, एकच यूडीपी पोर्ट लागतो. राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर त्यासाठीचं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरनं सर्व्हरकडं वळवणं) चालणार नाही. मग केबलवाल्याकडं पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोचता येणारा पत्ता) माग.