आधी लीएज, मग व्हर्दन

पहिल्या महायुद्धातले किल्ले अभ्यासायचे तर फ्रान्सच्या व्हर्दनपासून सुरुवात करू नकोस, तिथल्या किल्ल्यांच्या पसाऱ्यात हरवशील. आधी बेल्जियमचं लीएज घे. शहराभोवती ब्रियालमाँ या बेल्जियन लष्करी अभियंत्यानं बांधलेले 12 किल्ले, 21 सेंटिमीटर तोफांचा मारा सोसतील असे. 1914 मध्ये जर्मनांनी 42 सेंटिमीटरच्या तोफा आणल्या. 15 ऑगस्टला त्यांतल्या लाँसँ किल्ल्याचं दारूकोठार उडालं, साडेतीनशेच्या आसपास सैनिक गेले. त्यांतले बहुतेक जण आजही त्याच ढिगाऱ्याखाली आहेत. मला अजून गलबलतं. पण किल्ले पडल्याचं सगळं श्रेय तोफेला देऊ नकोस. काँक्रीट बघ: आत लोखंडी सळ्या नाहीत, रात्री काम थांबायचं म्हणून थरांमध्ये कच्चे सांधे राहिलेले. आणि नकाशावर दोन किल्ल्यांमधली अंतरं मोज. जर्मन पायदळ त्या फटींतूनच 7 ऑगस्टला शहरात शिरलं, मोठ्या तोफा पोहोचण्याआधी.