आधी भांडण वाच

प्रिय,

तुझी वही पाहिली. विवेक, न्याय, धैर्य, संयम, प्रत्येकाखाली दोन-दोन पानं टिपणं. अक्षर सुरेख, पण वाचताना मला जांभया आल्या, आणि लिहिताना तुलाही आल्याच असणार. रेनेसान्सच्या मानवतावाद्यांकडे, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन ग्रंथांतून जगणं शिकू पाहणाऱ्या त्या विद्वानांकडे, सद्गुणांची यादी मागायला जाऊ नये. त्यांची भांडणं वाचावीत.

चौदाव्या शतकातला इटालियन कवी पेत्रार्क, त्याच्यापासून सुरुवात कर. १३४५ साली व्हेरोनात त्याच्या हाती सिसेरोची, म्हणजे प्राचीन रोमच्या त्या वक्त्या-राजकारण्याची, खासगी पत्रं लागली. ज्याला जन्मभर गुरू मानलं, तो या पत्रांत कुढतोय, डगमगतोय, आज याची तर उद्या त्याची बाजू घेतोय! पेत्रार्क इतका दुखावला, की जवळपास चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या त्या माणसालाच त्यानं पत्र लिहून झाडलं. उतारवयात निवांत अभ्यास करायचा सोडून या राजकारणाच्या उठाठेवी कशाला केल्यास, असा एकूण सूर.

गंमत पुढे आहे. १३९४ मध्ये व्हेर्जेरिओ या दुसऱ्या मानवतावाद्यानं सिसेरोच्या वतीनं त्या पत्राला उत्तर दिलं! एकांतात बसणारं नव्हे, नगरात माणसांमध्ये वावरणारं तत्त्वज्ञानच श्रेष्ठ, असं त्याचं म्हणणं. तिकडे फ्लॉरेन्समध्ये सालुताती हा आणखी एक मानवतावादी हेच रोज जगत होता. १३७५ पासून १४०६ पर्यंत तो तिथला चान्सलर, म्हणजे राज्याचा पत्रव्यवहार त्याच्या लेखणीतून जायचा.

तू लगेच व्हेर्जेरिओच्या बाजूला जाशील, तुझं वयच तसं आहे. त्याआधी फ्लॉरेन्सच्याच ब्रुनी या मानवतावादी चान्सलरकडे बघ. नगराच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाणारा हा माणूस १४३४ नंतर सत्ता मेदिची या धनाढ्य सावकार घराण्याच्या मुठीत गेली, तरी मरेपर्यंत चान्सलरच्या खुर्चीवर होता. व्यवहारी की भित्रा? माझं मत दर दोन वर्षांनी बदलतं. शिवाय बाईनं काय शिकावं हे सांगताना हाच ब्रुनी वक्तृत्व तिच्यासाठी नाही म्हणतो. नगरधर्माचं दार नेमकं कोणाला उघडं होतं, ते तिथे कळतं.

आणि हो, पेत्रार्कनं स्वतः नकलून काढलेला सिसेरोच्या पत्रांचा जाडजूड ग्रंथ एकदा झग्यात अडकून त्याच्या डाव्या पायावर पडला. जखम चिघळली, बरेच दिवस त्रास झाला. त्यावरही त्यानं थट्टेनं लिहून ठेवलंय. ते पत्र माझ्याकडच्या इंग्रजी भाषांतरात आहे. शनिवारी येऊन घेऊन जा. वही घरीच ठेव.

तुझा,
सर