फ्रीलान्स कॉपीरायटरने सतत शिकत राहिल्याने खरंच क्लायंट मिळतात का?

मिळतात, पण बहुधा कॉपीरायटिंगच्या कोर्समुळे नाही.

तुम्ही लिहिलंय की नाशिकमध्ये राहून दोन वर्षं हे काम करताय, बरेच ऑनलाइन कोर्स झाले, तरी कामं ओळखीतूनच येतात. मग आता शिकणं थांबवून तो वेळ कामं मागण्यात घालवावा का? माझं मत असं, की कोर्स थांबवा, शिकणं थांबवू नका. विषय बदला. मथळा कसा द्यावा, ईमेल कशी लिहावी हे काही महिन्यांत समजतं आणि पुढे लिहून लिहून हात बसतो. ज्या धंद्यासाठी लिहायचं तो धंदा समजायला मात्र वर्षं जातात, आणि ते समजणारा लिहिणारा फार थोड्यांना सापडतो.

माझा विषय द्राक्ष. आमच्या घरी शेती नाही. एका कृषी सेवा केंद्राच्या पत्रकाचं काम आलं, ते संपलं, पण माझं कुतूहल संपलं नाही. एकाच वेलीची वर्षातून दोनदा छाटणी का करतात? एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तेव्हा येणाऱ्या काडीत घड आतल्या आत तयार होतो. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, तेव्हा तो बाहेर येतो. मग डावणी आणि भुरी हे वेलीवरचे रोग. मग औषधाच्या डब्यावरचा तो रंगीत चौकोन : लाल सगळ्यात विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. मग युरोपला माल पाठवायचा तर अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या) ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर होणारी बागेची नोंद, औषधांच्या अंशांची तपासणी, आणि शेवटची फवारणी ते काढणी यांत किती दिवस सोडायचे याचा हिशेब. सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, बसून वाचलं, मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या कार्यक्रमांना गेले, दिंडोरी आणि निफाडच्या बागांमधून फिरले. या सगळ्याचे कुणी पैसे देत नव्हतं.

पहिलं अनपेक्षित काम अशाच एका चर्चासत्रात मिळालं. मी काढणीपूर्व दिवसांबद्दल प्रश्न विचारला, आणि चहाच्या वेळी एक निर्यातदार स्वतःहून बोलायला आले. त्यांना वाटलं मी कृषी पदवीधर आहे. मी जाहिराती लिहिते म्हटल्यावर ते म्हणाले, "मग आमच्या फवारणीच्या सूचना मजुरांना समजतील अशा लिहून द्याल का?" जाहिरात नव्हतीच ती. पण माझ्या मते कॉपीरायटिंगचं त्याहून कसोटीचं काम नाही : एक वाक्य चुकीचं समजलं तर माणसाच्या अंगावर विष उडतं. ते काम मी अजून जपून ठेवलंय.

त्यानंतर त्या निर्यातदारांच्या खोक्यांची छपाई करणाऱ्यांनी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतून फोन केला, कारण त्यांना लेबलचा मजकूर तपासणारं कुणी हवं होतं. म्हणून मी लेबलचे नियम वाचायला घेतले, आणि त्यातून चिवडा-मसालेवाले आले, ज्यांचा मी कधी विचारही केला नव्हता. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दल एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, 2018 चे नियम आहेत. 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'पारंपरिक', 'अस्सल' हे आपले लाडके शब्द त्यात अटींनी बांधलेले आहेत, आणि असा शब्द ब्रँडच्या नावातच असेल तर ते फक्त नाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप नव्हे, अशी सूचना छापावी लागू शकते. छपाई होण्याआधी हे सांगणाऱ्या माणसाला पुढच्या पाकिटाच्या मजकुराचं कामही मिळतं. हे नियम बदलतात, त्यामुळे हा अभ्यास संपत नाही. मला तेच आवडतं.

तुमचा विषय द्राक्षच असायला हवा असं अजिबात नाही. येवल्याची पैठणी आहे, लासलगावचा कांदा आहे, सातपूरचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत, वायनरी आहेत. निवडताना मागणी किती ते पाहू नका. पैसे मिळाले नाहीत तरी रविवारी ज्याबद्दल वाचावंसं वाटेल तोच घ्या, नाहीतर सहा महिन्यांत सुटेल. तोवर घर चालवणारी नेहमीची कामं चालू ठेवा. कामं मागणंही सोडू नका, फक्त पोर्टफोलिओ पाठवण्याऐवजी त्या लोकांच्या चर्चासत्रांना, प्रदर्शनांना जा आणि प्रश्न विचारा.

आणि असं काम आलं की शब्दामागे दर लावू नका. फवारणीच्या सूचना जेमतेम एका पानात बसतात. संपूर्ण कामाचा आकडा सांगा, त्यात बागेची एक फेरी आणि मजुरांना मजकूर वाचून दाखवण्याचा वेळ धरा, आणि अर्धी रक्कम आधी घ्या.