सेक्रेटरीकाकांना पासवर्डची यादी हवीय

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो, बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या सोसायटीसाठी पीएचपीमध्ये मेंटेनन्सच्या पावत्या आणि तक्रारींचं छोटं वेब अ‍ॅप करतोय. रजिस्ट्रेशन होतं, टेबलमध्ये एन्ट्री पण दिसते, पण लॉगिन केलं की दरवेळी 'पासवर्ड चुकीचा आहे'. चार रात्री डोकं फोडतोय. पासवर्ड हॅश करूनच, म्हणजे उलट न करता येणाऱ्या अक्षरांच्या माळेत बदलूनच ठेवलाय. फ्लॅट नंबर हेच युजरनेम आहे, चालेल ना? आणि सेक्रेटरीकाकांना सगळ्यांच्या पासवर्डची एक्सेल शीट हवीय, कोणी विसरलं तर ते सांगणार म्हणे. त्यांना काय सांगू?

उत्तर : लॉगिनचा कोड राहू दे बाजूला, आधी टेबल उघडा आणि पासवर्डच्या कॉलमची लांबी बघा. पैज लावतो, तिथं व्हारकॅर ५० (म्हणजे जास्तीत जास्त ५० अक्षरं) किंवा त्याहून कमी असणार. पासवर्ड_हॅश हे फंक्शन बीक्रिप्ट या हॅशिंगच्या पद्धतीने जो हॅश देतं तो बरोब्बर ६० अक्षरांचा असतो आणि डेटाबेसचा स्ट्रिक्ट मोड (न मावणारा डेटा नाकारणारी सेटिंग) बंद असला की डेटाबेस एररबिरर काही देत नाही, जेवढं मावतं तेवढं ठेवतो आणि उरलेलं शेपूट गपचूप कापतो, मग अर्धवट हॅश जुळणार कसा. कॉलम २५५ करा, पीएचपीच्या मॅन्युअलमध्येही हेच सांगितलंय कारण पुढे डिफॉल्ट पद्धत बदलली तर हॅश लांबू शकतो. आणि कॉलम वाढवला म्हणून कापलेली अक्षरं परत येत नाहीत हां, जुनी टेस्टची खाती उडवून नव्याने रजिस्टर करा, नाहीतर पाचवी रात्र पण गेलीच समजा.

कॉलम ठीक निघाला तर मग बघा, लॉगिनच्या वेळी पासवर्ड परत हॅश करून दोन्ही हॅश जुळवताय का. ते कधीच जुळणार नाहीत, हॅशमध्ये मिसळलेला सॉल्ट, म्हणजे रँडम अक्षरं, दरवेळी नवा असतो. जुळवायला पासवर्ड_व्हेरिफाय हे फंक्शन वापरा, बास.

आता काका. त्यांना सरळ सांगा, 'काका, मलाच दिसत नाहीत तर देऊ कुठून?' आणि हे खरंच आहे, हॅशवरून पासवर्ड उलटा काढता येत नाही, म्हणून तर तो करायचा. लोक एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरतात, ही खरी गोची. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे ३ कोटींहून जास्त पासवर्ड फुटले आणि ते जसेच्या तसे साठवलेले होते, सगळ्यात लाडका १२३४५६. लांब कशाला, मी एकदा ठाण्यातल्या एका क्लासच्या साइटचा पासवर्ड विसरलो, फोन केला, तर रिसेप्शनवरच्या ताईंनी तो स्पेलिंगसकट वाचून दाखवला! माझ्या ईमेलचाही तेव्हा तोच होता. घोडबंदर रोडला रिक्षात बसल्या बसल्या बदलला, ट्रॅफिकमुळे वेळ भरपूर होता.

विसरणाऱ्यांसाठी ईमेलवर रीसेटची लिंक पाठवा, एकदाच चालणारी, अर्ध्या तासात बाद होणारी. खातं असो वा नसो, स्क्रीनवर मेसेज एकच दाखवा, म्हणजे कोणाचं खातं आहे ते बाहेरच्याला कळत नाही.

कोणी आजोबा मराठी ओळ पासवर्ड म्हणून टाकणार असतील तर एक गंमत लक्षात ठेवा. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइट्सच बघतं आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीची प्रत्येक खूण, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट्स खाते. म्हणजे २४ खुणांच्या पुढचं लिहिलं काय नि न लिहिलं काय.

फ्लॅट नंबर युजरनेम? नको. तुमच्याकडे भाडेकरू ११ महिन्यांच्या करारावर येतात-जातात, नव्या माणसाला जुन्याच्या तक्रारी दिसतील, आणि एकाच घरात नवरा-बायको दोघांना लॉगिन हवं असतं ते वेगळंच. ईमेल किंवा मोबाइल नंबर घ्या, त्यावर युनिक इंडेक्स लावा (म्हणजे तोच दोनदा नोंदता येणार नाही), फ्लॅट नंबर वेगळ्या कॉलममध्ये. रजिस्टर केलं की खातं 'पेंडिंग', काकांनी ओके केलं की चालू. त्यांना एक्सेलऐवजी हे बटण द्या, खूश होतील. भाडेकरू गेला की तेच बटण बंद, पण खातं चालू आहे का ते फक्त लॉगिनला न बघता प्रत्येक पानावर तपासा, नाहीतर तो माणूस डोंबिवलीला राहायला गेला तरी जुन्या सेशनवर (आधी केलेल्या लॉगिनवर) तुमच्या पावत्या बघत बसेल.

कॉलम कितीचा निघाला ते मात्र कळवा.