बायकोचं नाव आधी घराला, मग कर्जाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नाआधी बेळगावात एकट्याच्या नावावर फ्लॅट घेतला, ३० लाखांचं कर्ज काढलं, ५ वर्षं हप्ते भरले. आता नोकरी करणाऱ्या बायकोचं नाव कर्जात घालायचंय. बँकेत अर्ज दिला की पुरतं का, आणि टॅक्स किती वाचेल?

अर्ज दिला की कर्जात नाव लागेल, घराला लागणार नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते. शहापूर-अनगोळपासून निपाणीपर्यंत कुणालाही विचारा, ‘कर्जाला नाव लागलं म्हणजे घराला लागलं’ असंच ऐकायला मिळेल. हे साफ चूक आहे. सहकर्जदार म्हणजे फेडण्याची जबाबदारी घेणारा. मालक कोण ते खरेदीपत्र आणि त्यावरून निघालेला खाता-उतारा (कॉर्पोरेशनच्या मालमत्ता-नोंदवहीतली नोंद) सांगतो. घराचे सगळे मालक कर्जात असलेच पाहिजेत असा बँकांचा आग्रह असतो, पण सहकर्जदार मालक असलाच पाहिजे असं बँक म्हणत नाही. तिला वसुलीसाठी आणखी एक सही मिळते, मग ती कशाला अडवेल?

याचा अर्थ काय होतो ते तुमच्याच घरावर लावून बघा. तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात, मागे बायको, एक मूल आणि तुमची आई. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे तिघांना सारखा वाटा, म्हणजे बायकोला एक तृतीयांश. कर्जाच्या बाबतीत मात्र ती सहकर्जदार असल्याने उरलेली सगळी रक्कम बँक तिच्या एकटीकडून मागू शकते. १० वर्षं अर्धा हप्ता तिने भरला असला तरी हिस्सा तेवढाच. तो हप्ता कशाचा होता हे सिद्ध करायला तिला कोर्टात जावं लागेल. हप्ता थकला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, दोघांचं बिघडतं. आणि कर्जात नाव घालणं जितकं सोपं, काढणं तितकंच अवघड. नवराबायको वेगळे झाले म्हणून बँक कुणाला मोकळं करत नाही. कर्जात मागे राहणाऱ्याच्या एकट्याच्या पगारावर उरलेलं कर्ज बसत असेल तरच विचार करते.

म्हणून माझं स्पष्ट मत: अर्धा हिस्सा आधी तिच्या नावावर करा, आणि कर्जातलं नाव त्याच फेरीत उरका.

घर गहाण आहे, तेव्हा बँकेच्या संमतीशिवाय बक्षीसपत्र (गिफ्ट डीड) करू नका. शाखेत एकच लेखी अर्ज द्या आणि त्यात दोन मागण्या स्पष्ट लिहा: पत्नीला अविभक्त अर्धा हिस्सा बक्षीस देण्यासाठी ना-हरकत पत्र, आणि तिला सहकर्जदार करून घेणं. फक्त दुसरी मागणी लिहिलीत तर शाखा तेवढंच करून फाईल बंद करेल. सोबत तिचं आधार, पॅन, ३ महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, ६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट, २ वर्षांचे फॉर्म १६ किंवा रिटर्न आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. बँक तिची नव्या कर्जदारासारखीच तपासणी करते. तिच्या नावावर सोनं तारण, सोसायटीचं कर्ज किंवा कुणाची जामीनकी असेल तर ते अर्जाआधी सांगा. सिबिलमध्ये निघालं की फाईल मागे येते.

आपल्या भागात फाईल सगळ्यात जास्त अडकते ती नावावरून. जुनं खरेदीपत्र मराठीत, उतारा कन्नडात, आधार-पॅन इंग्रजीत. त्यात लग्नानंतर मुलीचं वडिलांचं नाव जातं, आडनाव जातं, कधी पाळण्यातलं नावही बदलतं. पॅन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, पगाराचं खातं तिसऱ्याच स्पेलिंगने. माहेर चंदगड किंवा गडहिंग्लजचं असेल तर विवाह प्रमाणपत्र महाराष्ट्रातलं आणि आधारवर पत्ता तिकडचा. ते प्रमाणपत्र इथेही चालतं. वकिलाने मराठी कागदाचं भाषांतर मागितलं तर वाद न घालता नोटरी करून द्या. आधी आधार सुधारा, त्यावरून पॅन, मग बँक खातं, आणि दस्तात ‘ऊर्फ’ लावून दोन्ही नावं लिहा. हे दस्तानंतर करायला गेलात तर चूक-दुरुस्ती पत्रासाठी पुन्हा सब रजिस्ट्रारकडे फेरी.

ना-हरकत पत्र हातात आलं की बक्षीसपत्र. मूळ खरेदीपत्र बँकेत असतं, म्हणून सब रजिस्ट्रारकडून प्रमाणित नक्कल काढून घ्या. फ्लॅटचं ई-खातं (खात्याची ऑनलाइन नोंद) झालेलं नसेल तर आधी ते करा, त्याशिवाय दस्त पुढे सरकत नाही. बाँड रायटरला (दस्त लिहून देणाऱ्याला) तीन गोष्टी आवर्जून लिहायला सांगा: फ्लॅटवर अमुक बँकेचं कर्ज आहे आणि हिस्सा त्या बोज्यासकट दिला जातोय, बँकेच्या ना-हरकत पत्राची तारीख, आणि बायकोने बक्षीस स्वीकारल्याचं वाक्य व तिची सही. स्थावराचं बक्षीस नोंदणीशिवाय आणि दोन साक्षीदारांशिवाय टिकत नाही. आरएस नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर), सीटीएस नंबर (सिटी सर्व्हेचा नंबर) आणि चतुःसीमा जुन्या दस्तावरून अक्षर न् अक्षर उतरवा.

खर्चाच्या बाबतीत महाराष्ट्रातले व्हिडिओ बघून इथे हिशोब मांडू नका. तिकडे पतीपत्नीत राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक २०० रुपये, पण मालमत्ता कर्नाटकात आहे, तेव्हा कायदा कर्नाटकाचा. इथेही पत्नीला दिलेल्या बक्षिसावर मुद्रांक ठरावीक रकमेचा, घराच्या किमतीच्या टक्क्यांवर नाही. नेमका आकडा कर्नाटकाच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर दस्ताचा प्रकार ‘कुटुंबातील बक्षीस’ निवडून बघा. प्रकार चुकून ‘कुटुंबाबाहेरील’ पडला तर विक्रीसारखा टक्केवारीचा मुद्रांक दिसतो आणि लोक घाबरून बेत सोडून देतात. अजून लग्न झालेलं नसलेल्या जोडीदाराला मात्र ही सवलत नाही. लग्न होऊन नोंदणी होईपर्यंत थांबा.

नोंदणीनंतर कॉर्पोरेशनमध्ये खाता दोघांच्या नावावर करून घ्या, सीटीएस उताऱ्यावर नोंद लावा आणि कावेरीवरून नवी ईसी (मालमत्तेवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा व बोज्याचा दाखला) काढा. त्यात बक्षीसपत्र दिसलं पाहिजे. हे कागद घेऊन बँकेत पुरवणी करारावर सह्या. आता मालक दोघं, म्हणून गहाण पुन्हा दोघांच्या सहीने बसतं आणि त्याचा मुद्रांक, प्रक्रिया शुल्क, वकिलाची फी वेगळी. हे आकडे अर्जाच्या वेळीच लेखी मागा.

काही बँका चालू कर्जात नाव घालायला तयारच होत नाहीत, नवं कर्ज काढा म्हणतात. तसं असेल तर दुसऱ्या बँकेचा दरही विचारा. वैयक्तिक, बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे. आणि कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

आता टॅक्स. ३० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं धरली तर हप्ता सुमारे २६,०३५ रुपये. ५ वर्षांनी बाकी साधारण २६.४४ लाख आणि सहाव्या वर्षीचं व्याज सुमारे २.२१ लाख. जुन्या कररचनेत राहत्या घराच्या व्याजाची वजावट माणशी २ लाख. म्हणजे तुमची मर्यादा भरून वर उरतात २१,००० रुपये. त्यांची वजावट तिला मिळालीच तर २० टक्क्यांनी वाचणार ४,२०० रुपये आणि थोडा सेस. पुढच्या वर्षी त्याहून कमी. नव्या कररचनेत असाल तर राहत्या घरावर ही वजावटच नाही. मुद्दलाचे ९१,००० तुमच्या १.५ लाखांच्या वजावटीच्या मर्यादेत (८०सी) बसत असतील तर तिथेही दुसरं माणूस लागत नाही. कर्ज ५० लाखांचं असतं तर गणित वेगळं झालं असतं. तुमच्या कर्जात टॅक्ससाठी हा खटाटोप करू नका, तिला घर द्यायचं असेल तर करा. आणि मालकी न देता नुसतं सहकर्जदार केलंत तर तिला एक रुपयाचीही वजावट मिळत नाही, कितीही हप्ते भरले तरी.

‘बायकोचं ते नवऱ्याचंच, कागद कशाला’ असं घरातले मोठे म्हणतील. त्यांना विचारा, मग बँकेच्या कागदावर तिची सही कशाला? सही चालते तर नावही चाललं पाहिजे. हिस्सा द्यायची तयारी नसेल तर हप्ता तिच्या पगारातून घेऊ नका. तिने घरखर्च करावा, हप्ता तुमच्या खात्यातून जावा, आणि तिची शिल्लक तिच्या नावावर राहावी. मधला मार्ग मृत्युपत्राचा. त्याला नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात, आणि ते बदलता येतं. बक्षीसपत्र मनात आलं म्हणून परत घेता येत नाही, हे सही करण्याआधी पक्कं समजून घ्या.

तीन गोष्टी राहिल्या. तुमच्या कर्जाचा विमा फक्त तुमच्या जिवावर असेल; तिचं नाव लागल्याने तिचा विमा आपोआप होत नाही, तिच्या वाट्यापुरता वेगळा टर्म विमा घ्या. आणि फ्लॅट पुढे भाड्याने दिलात तर बक्षीस दिलेल्या अर्ध्या हिश्श्याचं भाडंही तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं. कर्ज तुम्ही एकट्याने काढलेलं आणि ती नंतर आलेली, त्यामुळे तिच्या व्याज-वजावटीवर आयकर खातं शंका घेऊ शकतं. रिटर्न भरण्याआधी बक्षीसपत्र, पुरवणी करार आणि तिच्या खात्यातून गेलेल्या हप्त्यांचं स्टेटमेंट सीएला दाखवा.