विका, पण इलेक्ट्रिक म्हणून नको

नमस्कार. सहकारनगरहून आलेलं तुमचं पत्र, गाडीचे फोटो आणि आरसीची प्रत, सगळं नीट पाहिलं. वाचकांसाठी आधी थोडक्यात हकीकत सांगतो. तुमचं वय ६१, पिंपरीतल्या कंपनीतून निवृत्त. १९६७ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, तुम्ही १० लाखांना घेतलीत, १४ लाख घालून पूर्ण उभी केलीत, आणि इंजिन ऑइल खायला लागल्यावर २०२१ मध्ये १३ लाख खर्चून ती बॅटरीवर आणलीत. एकूण ३७ लाख. आता सोसायटी रीडेव्हलपमेंटला चालली आहे. बिल्डर १५० चौरस फूट जादा जागा २१ लाखांना देतोय. बंगळुरूचे एक गृहस्थ गाडीचे २२ लाख द्यायला तयार आहेत, पैकी ६ लाख रोख. मित्र म्हणतात थांब, पुढे अशा गाड्यांना सोन्याचा भाव येईल. विकू की थांबू, हा तुमचा प्रश्न.

माझं मत सरळ सांगतो. गाडी विका. पण या गृहस्थांना नको, आणि इलेक्ट्रिक गाडी म्हणून तर नकोच.

कारण तुमच्या आरसीवर इंधनाच्या रकान्यात आजही ‘पेट्रोल’ आहे. मोटर-बॅटरीचं किट बसवणाऱ्याने ‘आरटीओचं नंतर बघू’ म्हटलं आणि ते बघणं राहून गेलं, असं तुम्हीच लिहिलंय. गाडीत असा बदल करायचा तर किटला एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते, ते अधिकृत केंद्रात बसवावं लागतं आणि आरटीओत त्याची नोंद व्हावी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ यासाठीच आहे. मान्यताही कुठल्याही गाडीला चालेल अशी सरसकट मिळत नाही, ती ठरावीक मॉडेलांसाठी असते. म्हणजे आज तुमच्याकडे आहे ती कागदावर पेट्रोलची आणि रस्त्यावर बॅटरीची गाडी. उद्या अपघात झाला किंवा चार्जिंगला लावलेली असताना आग लागली, तर विमा कंपनी पहिलं बोट इथेच ठेवणार. शिवाय बंगळुरूला न्यायची तर पुणे आरटीओची एनओसी, पुढे तिकडची तपासणी आलीच. त्या गृहस्थांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. रोखीचा आग्रह आणि ‘फॉर्मवर फक्त सह्या करून द्या, बाकी आम्ही बघतो’ हे वाक्य, दोन्ही एकत्र वाचा.

६ लाख रोख तर मुळीच घेऊ नका. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर जेवढी घेतली तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या देऊन गाडी हवाली केली आणि नाव तुमचंच राहिलं, तर पुढच्या अपघाताची भरपाईही तुमच्याकडेच मागितली जाईल. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता भावाकडे वळू. मित्रांनी राजपुत्र हॅरीच्या लग्नातल्या गाडीचा दाखला दिलाय. लग्न २०१८ सालचं, गाडी बॅटरीवर आणलेली जुनी जग्वार ई-टाइप. पण तो बदल खुद्द जग्वारने केला होता, आणि मूळ इंजिन पुन्हा बसवता येईल अशा बेताने केला होता. अ‍ॅस्टन मार्टिननेही त्याच वर्षी आपली बॅटरीची पेटी अशीच उलट काढता येईल अशी बनवली. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिवा तर बॅटरीवर आणलेल्या गाडीला ऐतिहासिक मानायलाच तयार नाही. बदल केलाच तर तो परत फिरवता येईल असा करा आणि काढलेला प्रत्येक भाग खूण करून जपा, असं ती सांगते. जुन्या गाड्यांवर पैसे लावणारा माणूस आधी हेच विचारतो: मूळ इंजिन कुठे आहे?

आणि इथे तुम्ही नशीबवान आहात. तुमचं १७९८ सीसीचं इंजिन आणि गिअरबॉक्स भोरला चुलतभावाच्या पडवीत ताडपत्रीखाली आहे. तुमच्या फोटोंतला एक मी मोठा करून पाहिला, डिकीतल्या बॅटरीच्या पेटीचा. पेटी चार बोल्टांवर आहे, वेल्डिंग नाही, पत्रा कापलेला दिसत नाही. एमजीबीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळे तळाचा पत्रा शाबूत असणं फार मोलाचं आहे. या मॉडेलचे भाग आजही नवे बनतात, अगदी पूर्ण बॉडीशेलसुद्धा.

तुमच्या मेकॅनिकने इंजिन खोलून, बोअर करून परत बसवायचे साडेचार लाख सांगितलेत. पुण्यातल्या दोन जाणकारांनी ‘पेट्रोलवर असती तर २६ देऊ’ म्हटलंय. मोटर आणि बॅटरी वेगळी विकून ३ लाख येतील असा तुमचा अंदाज आहे. २६ अधिक ३ वजा साडेचार, म्हणजे हातात साडेचोवीस लाख, सगळे बँकेतून. त्या जाणकारांकडून अंदाज नको, लेखी बोली घ्या, मगच इंजिनाला हात लावा. गाडी मूळ रूपात आली की ती पन्नाशी ओलांडलेली असल्याने घेणाऱ्याला २०२१च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणीसाठीही अर्ज करता येईल. शुल्क २० हजार, मुदत १० वर्षं. मात्र त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, हे त्यांना आधीच सांगा.

थांबायचं म्हटलं तर काय पडेल? २२ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाचं १ लाख ५४ हजार व्याज बुडतं. बांधकाम होईपर्यंतच्या धनकवडीच्या भाड्याच्या घराला आच्छादित पार्किंग नाही, म्हणून गॅरेजचे महिना ५ हजार. विमा आणि देखभाल तुमच्याच हिशोबाने ५५ हजार. वर्षाला २ लाख ६९ हजार झाले. इमारत उभी राहायला तीन वर्षं धरली तर ८ लाख. म्हणजे तीन वर्षांनी ३० लाख मिळाले तरी कमाई शून्य, आणि तोवर बॅटरी तीन वर्षांनी म्हातारी झालेली.

३७ लाखांचा आकडा मात्र आता बाजूला ठेवा. ते पैसे गेले, त्याबदल्यात पानशेतच्या रस्त्यावरचे इतके रविवार मिळाले. हा तोटा म्युच्युअल फंडाच्या नफ्यातून वजा होईल का, असं विचारलंत. नाही होणार. स्वतःच्या वापरातली गाडी भांडवली मालमत्तेत धरत नाहीत, त्यामुळे तोटा वजा होत नाही. नफा झाला असता तर त्यावर करही लागला नसता. जीएसटीचीही चिंता नको, तुम्ही व्यापारी नाही.

खरी काळजी मला जादा जागेची वाटते. २१ लाखांवर ५ टक्के जीएसटी आणि ७ टक्के मुद्रांक शुल्क धरलं की साडेतेवीस लाख होतात. गाडीचे जवळजवळ सगळे पैसे भिंतींत जातील. तुमच्याकडे ९० लाख आहेत, घरखर्च महिना ५५ हजार, पेन्शन ६ हजार. म्हणजे वर्षाला ५ लाख ८८ हजार, साडेसहा टक्के, पुंजीतून उचलावे लागतात. ६१व्या वर्षी हे प्रमाण मला जास्त वाटतं. गाडीचे पैसे पुंजीत आले तर तेच प्रमाण ५.१ टक्क्यांवर येतं. लेक वर्षातून एकदा तीन आठवडे येते, तिच्यासाठी १५०ऐवजी ७५ चौरस फूटच वाढवून बैठकीची खोली मोठी केली तर भागेल का, हे वहिनींना विचारा. भागत असेल तर उरलेले पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा, तिथे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. जादा जागेचा दर आणि हप्ते नोंदणीकृत करारात लिहून घ्या. हप्ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार असतील तर गाडी घाईने विकायची गरजच उरत नाही.

वहिनींनी पत्राच्या शेवटी लिहिलंय, ‘गाडी गेली तर हे रविवारी करतील काय?’ प्रश्न रास्त आहे. पुंजी दीड कोटीची असती तर मी गाडी ठेवा म्हटलं असतं.

आता या आठवड्यात भोरला जाऊन या. इंजिनाच्या ब्लॉकवरच्या पट्टीवरचा क्रमांक आरसीवरच्या क्रमांकाशी जुळतो का पाहा, फोटो काढा, आणि ब्लॉकला तडा नाही ना हे मेकॅनिककडून तपासून घ्या. क्रमांक जुळला नाही किंवा ब्लॉक गेलेला निघाला, तर बंगळुरूला काहीही कळवण्याआधी मला लिहा. मग वरचा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.